खिळा, चिमटा आणि दहाची नोट

सातवीच्या वर्गात एकदा माझे लाल पेन सापडेना. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा समोर होता आणि तास संपायला पंधरा मिनिटे उरली होती. मी टेबलाचा खण पाहिला, हजेरीबुकाखाली पाहिले, मग पहिल्या बाकावरच्या मुलींना उठवले, मग दुसऱ्या बाकावरच्या. 'कुणी उचलले असेल तर आताच सांगा,' असेही बोलून गेले. पाच मिनिटे सगळा वर्ग बाकांखाली वाकून शोधत होता. शेवटी पेन सापडले ते माझ्याच हातातल्या वहीत. खूण म्हणून मीच ते घालून ठेवले होते. वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मागच्या बाकावरून हलका आवाज आला, "चचा छक्कन!" मग जे हसू फुटले त्यात मलाही सामील व्हावे लागले.

त्या मुलीने मला दोन शब्दांत ओळखले होते. तिने माझी नमाज पाहिली नव्हती, माझे घर पाहिले नव्हते, माझी मते तिला ठाऊक नव्हती. हरवलेल्या पेनामागे मी कशी धावले एवढेच तिने पाहिले आणि एवढ्यावरून तिला माझ्या स्वभावाची नेमकी जात सापडली. साहित्यातली माणसे आपण अशीच ओळखतो का, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. त्यातूनच हा लेख.

मराठी वाचकाला चचा छक्कन यांची ओळख करून द्यायला हवी. उर्दू शाळेत शिकलेल्याला ती बहुधा लागत नाही. इम्तियाज अली 'ताज' (१९००–१९७०) हे नाव सर्वांना माहीत आहे ते 'अनारकली' या नाटकामुळे. पण उर्दू घराघरांत जे पोहोचले ते त्यांचे चचा छक्कन. मूळ कल्पना जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) या पुस्तकातल्या अंकल पॉजरची. ताज यांनी तो इंग्रज गृहस्थ उचलला, त्याला शेरवानी चढवली, भोवती चची, मुले आणि नोकर उभे केले आणि तो इतका आपला करून टाकला की आज कुणाला त्याचे मूळ गाव आठवत नाही.

'चचा छक्कन यांनी तसबीर टांगली' ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा. काम एवढेच की भिंतीत एक खिळा ठोकायचा आणि तसबीर अडकवायची. त्यासाठी एकाला खिळे आणायला पिटाळायचे, दुसऱ्याला त्याच्यामागे मापाचा निरोप घेऊन धाडायचे, कुणी हातोडी आणायची, कुणी शिडी धरायची. मग काच फुटते, बोट कापते, रुमाल हवा असतो. रुमाल शेरवानीच्या खिशात आणि शेरवानी सापडत नाही. सगळे घर ती शोधत असते आणि चचा उठल्यावर कळते की ते तिच्यावरच बसले होते.

यात घडते काय? चार अगदी क्षुल्लक अडचणी. पण त्या प्रत्येक वेळी चचा एकच गोष्ट करतात. ते आरोपी शोधतात. प्रसंग बदलतात, आरोपी बदलतात, न्यायाधीश मात्र तोच राहतो. शेरवानीची जागा तर फारच पाहण्यासारखी आहे. आपणच तिच्यावर बसलो होतो हे कळल्यावर दुसरा एखादा ओशाळला असता. चचांची तक्रार मात्र कायम राहते: एवढ्या मोठ्या घरात एकालाही ती सापडू नये! स्वतःच्या चुकीचा पुरावा हाती आला तरी तो दुसऱ्याविरुद्ध वापरण्याची ही हातोटी म्हणजे चचा छक्कन. अर्धी रात्र उलटल्यावर तसबीर वाकडी का होईना लागते, घर थकून गळून गेलेले असते आणि चचा विचारतात, एवढ्याशा कामाला लोक मिस्त्री का बोलावतात? हे ढोंग नाही. त्यांना खरोखर तसे वाटते. म्हणून तर ते इतके खरे वाटतात.

लेखकाने चचांच्या स्वभावाचे एका शब्दानेही निदान केलेले नाही. 'ते हेकट होते, आत्मसंतुष्ट होते' असे कुठेही लिहिलेले नाही. खिळा पडतो आणि माणूस दिसतो. वर्गात स्वभावचित्र शिकवताना आम्ही शिक्षक मुलांकडून विशेषणांची यादी करून घेतो. प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक. परीक्षेला ती चालते. पण कुणाला 'प्रामाणिक' म्हटल्याने तो डोळ्यांपुढे उभा राहत नाही. कंडक्टरने चार आणे जास्त परत दिल्यावर तो काय करतो, आणि ते केल्यावर ते किती जणांना सांगत सुटतो, यावरून तो उभा राहतो.

उर्दूत चचा आहेत तसे मराठीत चिमणराव आहेत. बडोद्यात राहिलेले पालीचे अभ्यासक चि. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी हा भित्रा, मऊ, सदा फजीत होणारा कारकून लिहिला आणि त्याच्याशेजारी त्याचा मावसभाऊ गुंड्याभाऊ, दणकट आणि हातघाईला तयार, असा उभा केला. १९४०च्या 'लग्न पहावं करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी, आणि पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघरी नेली. माझे वडील उर्दू शाळेत शिकलेले, पण चिमणरावाचे नाव निघाले की अजून हसतात.

चचा आणि चिमणराव या दोघांवर येणारी संकटे जवळपास एकाच मापाची आहेत. फरक कुठे आहे तो सांगते. चचांची गोष्ट दुसरे कुणी सांगते. चिमणराव आपली गोष्ट स्वतः सांगतो. मला वाटते, दोघांच्या स्वभावातला सगळा फरक या एका बाबीत आला आहे. चचांना आपली गोष्ट सांगताच आली नसती, कारण त्यांच्या हिशेबी फजिती झालेलीच नाही. चिमणरावाला मात्र फजिती झाली हे कळते, ती आपली झाली हेही कळते, आणि वर तो ती आपल्याला सांगतो. आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगणे हे भित्र्या माणसाचे काम नव्हे. चिमणराव मारामारीला भितो, पण आरशाला भीत नाही. गुंड्याभाऊ नेमका उलटा. म्हणून ती जोडी जमते.

इथवर हसण्याची गोष्ट झाली. आता जिथे हसू येत नाही तिकडे जाऊ.

प्रेमचंद यांची 'ईदगाह' मी दरवर्षी शिकवते. हामिद, आईबापावेगळा पोर, दादी अमीना, खिशात तीन पैसे. इतर मुले खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद चिमटा विकत घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना दादीची बोटे भाजतात. पाठाखालचा प्रश्न ठरलेला असतो: या कथेतून त्यागाचा कोणता संदेश मिळतो? मुलीही ठरलेले उत्तर लिहितात. एका वर्षी एकीने विचारले, "टीचर, त्याला खेळणे नकोच होते का?"

या प्रश्नाने माझा धडा मोडला आणि कथा उघडली. मी पुन्हा वाचायला बसले. हामिदला खेळणी हवी आहेत. तो ती डोळे भरून पाहतो, हातात घ्यायला मागतो, मिळत नाहीत. मोहसिन रेवडी पुढे करतो आणि हामिदचा हात आला की स्वतःच्या तोंडात टाकतो; बाकीचे टाळ्या पिटून हसतात. असा अपमान मोठी माणसे जन्मभर विसरत नाहीत. आणि हामिद काय करतो? तो वाद घालतो. खेळणी मातीची, पडली की फुटणार, हे त्याने आधी स्वतःला पटवलेले असते. दुकानदाराशी घासाघीस करून चिमटा तीन पैशांत पदरात पाडलेला असतो. आणि मुलांनी चिमट्याची टर उडवल्यावर तो असा काही युक्तिवाद करतो की भिश्ती, शिपाई, वकील सगळे एकापाठोपाठ चीत होतात आणि तीच मुले चिमटा हातात घ्यायला आपली खेळणी पुढे करतात.

हा संत नव्हे. हा तोंडाळ, हिशेबी, हार न मानणारा पोरगा आहे, आणि त्याचे दादीवर प्रेम आहे. प्रेम तर दुसऱ्याही एखाद्या गरीब मुलाचे असते. तो मुलगा चिमटा घेऊन मान खाली घालून घरी आला असता. हामिद तो बंदुकीसारखा खांद्यावर टाकून चालतो. गरिबी दोघांची तीच, त्यागही तोच. पण प्रेमचंदांनी हामिद लिहिला. आपण 'त्याग' हा शब्द फळ्यावर लिहितो तेव्हा त्या पोराची जीभ पुसून टाकतो. गरीब मूल म्हणजे गोड, सोशीक मूल, अशी आपल्याला सवय लागली आहे. गोड गरीब आपल्याला सोयीचा असतो.

राजिंदर सिंह बेदी यांची 'गरम कोट' ही तिसरी कथा. बेदी लाहोरच्या टपाल खात्यात कारकून होते, पुढे मुंबईत आले, १९८४ साली इथेच वारले. या कथेवर १९५५ साली बलराज साहनी आणि निरूपा रॉय यांचा चित्रपटही आला. कथेतला कारकून जुना, विटका कोट घालतो. सोबत्यांचे नवे कोट तो पाहतो, शिंप्याच्या दुकानातले सूट पाहतो. घरी बायको शमी आहे, मुले आहेत, प्रत्येकाची काही मागणी आहे. खिशात दहा रुपयांची एक नोट असते आणि ती हरवते.

चचा असते तर त्यांनी दहा रुपयांसाठी मोहल्ला उलथा केला असता. चिमणरावाने घरी येऊन ती हकीकत रंगवली असती. हामिदने स्वतःला पटवले असते की दहा रुपयांनी कुणाचे भले झाले आहे? बेदींचा कारकून यातले काही करू शकत नाही. तो सगळा दोष आत घेतो. नोट हरवली याचा त्याच्यापुरता अर्थ असा की आपण नवरा म्हणून, बाप म्हणून हरलो. पुढे ती नोट फाटक्या खिशातून घसरून कोटाच्याच अस्तरात सापडते. जे हरवले ते अंगावरच होते. चचांची शेरवानी आणि हा कोट यांतली घटना एकच आहे, हे लक्षात आले तेव्हा मी चकित झाले. एकीकडे आपण पोट धरून हसतो, दुसरीकडे घशात आवंढा येतो. घटना विनोदी किंवा करुण नसते. ज्याच्या अंगावर कोट आहे तो माणूस तिला तसे करतो.

या कथेचा शेवट मला वर्षानुवर्षे छळतो. पैसे घेऊन शमी बाजारात जाते आणि परत येते तेव्हा गाठोड्यात नवऱ्याच्या कोटाचे उंची कापड असते. स्वतःची आणि मुलांची हौस तिने बाजूला सारलेली असते. इथे कथा संपली असती तर ती एक गोड कथा झाली असती. पण मुलगी पुष्पामणी आपल्या मागणीची आठवण करते, आणि बाप तिच्या तोंडावर चापट मारतो.

का मारतो? पोरीचा काय दोष? मला असे वाटते की दुसऱ्याचे प्रेम घेणे त्या माणसाला झेपत नाही. द्यायचे कसे हे त्याला येते, निदान त्याची स्वप्ने तो पाहतो. घेताना त्याला लाज वाटते. पोरीच्या शब्दाने त्या कापडाची खरी किंमत उघडी पडते आणि जी लाज तो कथाभर आत दाबत आला ती हातातून बाहेर पडते. चचा शब्दांनी मारतात, रोज मारतात, आणि कुणाला लागत नाही. हा मुका, भला माणूस एकदाच मारतो. सगळा दोष स्वतःकडे घेणारी माणसे घरात फार चांगली म्हणून ओळखली जातात, पण त्यांचाही हिशेब शेवटी घरातले सर्वांत लहान माणूस चुकवते. हे बेदींनी एका चापटीत लिहिले.

चचांच्या घरातही कुणीतरी किंमत मोजत असतेच. चची तिथे टोमणा मारतात: पुन्हा खिळा ठोकायचा असेल तेव्हा आधी कळवा, म्हणजे मी मुलांना घेऊन माहेरी जाईन. आपण हसतो. पण त्या घरात दुसरा उपाय नसलेल्या बाईचा हा एकमेव उपाय आहे. शमी बोलत नाही, बाजारात जाऊन कापड आणते. इस्मत चुगताई यांच्या 'चौथी का जोडा' मधली बी अम्मा कापड अपुरे पडले की बायकांच्या गराड्यात बसून मापे घेते, दुमडते, फिरवते आणि कसे ना कसे पुरवते. मुलीच्या लग्नासाठी शिवणारे तेच हात शेवटी तिचे कफन बेततात. तिला संकट म्हणजे अपुरे कापड, एवढीच भाषा येते. आणि तीच भाषा शेवटी तिला आणि आपल्याला चिरून जाते. सहन करणे हा एकच शब्द आपण या तिघींसाठी वापरतो. तिघी तीन तऱ्हांनी सहन करतात, आणि साहित्य त्या तऱ्हांत असते.

हे सगळे या अंकात लिहिण्याचे कारण आता सांगते.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्याआधीच हमीद दलवाई यांनी 'इंधन' (१९६५) लिहून कोकणातल्या एका गावातली तेढ कशी पेटत जाते हे दाखवले होते. तेव्हापासून आपण पुष्कळ लिहिले. दंगल लिहिली, तलाक लिहिला, संशयाने पाहणाऱ्या नजरा लिहिल्या. ते लिहायलाच हवे होते. ज्याच्या दारात आग आहे त्याला अंगणातल्या जाईबद्दल विचारू नये. पण माझ्या वाचनात आलेल्या अशा अनेक कथांत एक गोष्ट सारखी खटकते. त्यातली माणसे एकसारखी आहेत.

घर नाकारल्याची कथा घ्या. भाड्याची खोली ठरते, नाव कळते, खोली 'आधीच गेलेली' असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हा अनुभव आहे, माझ्याही आहे. या कथेचा नायक सुशिक्षित असतो, सभ्य असतो, दुःखी असतो. तो जिना उतरतो आणि देशाविषयी एक लांब स्वगत बोलतो. दहा कथांतले दहा नायक अदलाबदल केले तरी कुणाला पत्ता लागणार नाही. ज्या घरमालकाने त्याला नुसते नाव म्हणून पाहिले, त्याच्याविरुद्ध लिहिता लिहिता लेखकानेही त्याला नुसते नाव केले.

त्याच जिन्यावर चचा छक्कन उभे करून पाहा. ते खाली उतरताच चचींवर घसरतील, की तू मालकिणीपुढे 'या अल्लाह' म्हणालीसच कशाला! हामिद मालकाशी वाद घालील आणि वादात जिंकील. खोली तरीही मिळणार नाही. चिमणरावाच्या जातीचा एखादा अब्दुलराव घरी येऊन मालकाची नक्कल करून सगळ्यांना हसवील. बेदींचा कारकून घरी काही बोलणारच नाही. रात्री मुलाने पाणी सांडले की त्याच्यावर हात उगारील. बी अम्मा म्हणेल, आहे त्याच खोलीत पडदा लावून दोन करू. अन्याय तोच, पण आता तिथे पाच माणसे उभी आहेत, आणि वाचकाला त्यातला एकजण आपल्या काकासारखा वाटेल. वाचकाचे नाव काहीही असो.

यावर कुणी म्हणेल की एवढ्या मोठ्या घावांच्या काळात खिळ्याची आणि पेनाची गोष्ट काय सांगता? मला हा आक्षेप कळतो. पण प्रेमचंदांची कथा गरिबीचीच आहे आणि ती तीन पैशांतून आली. बेदींचीही गरिबीची आहे आणि ती कोटाच्या अस्तरातून आली. मोठी गोष्ट घरात शिरते तीच छोट्या दारातून. दंगलीत माणूस काय करील हे पुष्कळदा जमाव ठरवतो, भीती ठरवते. किल्ली हरवल्यावर तो काय करील हे मात्र त्याचे त्यालाच ठरवावे लागते. आधी त्याची किल्ली हरवलेली दाखवा. मग त्याचे घर जळाले तर वाचकाला कळेल की कुणाचे जळाले.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला आयबू मुलाणी मला यासाठीच आवडतो. तो कुणाचा प्रतिनिधी म्हणून कादंबरीत आलेला नाही. तो आयबू म्हणून आला आहे. हे माडगूळकरांना जमले याचा आनंद आहे. आपल्याला आपल्या घरातल्यांबाबत का जमू नये, एवढाच प्रश्न आहे.

लाल पेनाच्या त्या दिवसानंतर मी मुलींना निबंध दिला: घरातली एक छोटी अडचण. विशेषणे वापरायची नाहीत अशी अट घातली. चाळीस वह्या आल्या. पुष्कळींनी सवयीने उपदेश लिहिला. एकीने ईदच्या सकाळी शीरखुर्मा अर्धा शिजला असताना सिलिंडर संपल्याचे लिहिले. तिच्या उर्दू वाक्यांचा भावार्थ असा: अब्बांनी सिलिंडर हलवून पाहिला, परत हलवून पाहिला. अम्मी शेजारच्यांकडे पातेले घेऊन गेली. दादी सिलिंडरला म्हणाली, तुझाही रोजा आजच सुटायचा होता का.

मी लाल पेनाने तिथे काहीच केले नाही. तीन वाक्यांत तीन माणसे होती.